एका फितीचं अंतर

शिपायाचा लान्स नायक झाला की पगारात नजरेत भरेल असं काही घडत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर दोघंही तिसऱ्याच वेतनस्तरात आहेत, मूळ वेतनाची सुरुवात २१,७०० रुपयांपासून. चौथा स्तर, २५,५०० रुपयांचा, दुसरी फीत लागून नाईक झाल्यावर मिळतो. तिसरी लागून हवालदार झाला की पाचवा, २९,२०० रुपयांचा. पहिल्या फितीनं राहायची जागा बदलत नाही, खाट बदलत नाही, लंगरातली रांग बदलत नाही. बाहीवर फीत शिवली जाते आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यानं माणसं चालवायची असतात. माणसंही तीच, ज्यांच्याबरोबर तो आदल्या रात्रीपर्यंत एका ताटात जेवत होता आणि उस्तादांच्या नकला करत हसत होता.

अधिकारी होणाऱ्याचं तसं नसतं. तो अकादमीतून थेट वेगळ्या मेसमध्ये, वेगळ्या खोलीत येतो. नायब सुभेदार होऊन जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, झालेल्यालाही स्वतंत्र मेस मिळते. त्यांच्या आणि जवानांच्या मधलं अंतर व्यवस्थेनंच आखून दिलेलं असतं. लान्स नायकाला ते स्वतः तयार करावं लागतं, तेही त्याच बॅरकीत झोपून. हुद्द्यांच्या उतरंडीत ही सर्वांत बुटकी पायरी आहे आणि माझ्या मते चढायला सर्वांत अवघड. तिच्याविषयी आपल्याकडे लिहिलं मात्र फार थोडं गेलं आहे. सेनापतींची चरित्रं आहेत, परमवीरांच्या गाथा आहेत. पण दहा माणसांचा सेक्शन पहिल्यांदा हातात घेणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पोराकडे कुणी फारसं थांबून पाहिलेलं नाही.

नाईक आणि हवालदार हे शब्द आपण इंग्रजांकडून घेतले नाहीत. त्यांनी ते इथल्या फौजांतून उचलले. शिवकाळातल्या पायदळात नऊ पाईकांवर एक नाईक असे. काही नाइकांवर हवालदार, हवालदारांवर जुमलेदार, जुमलेदारांवर हजारी अशी चढण होती. घोडदळात पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार. गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तिघं अधिकारी असत आणि दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. नऊ पाईक आणि एक नाईक म्हणजे दहा. आजच्या पायदळाच्या सेक्शनमध्येही साधारण दहाच माणसं असतात. साडेतीनशे वर्षांत बंदुका बदलल्या, वायरलेस आलं, ड्रोन आले. पण गोळीबाराच्या आवाजात एका माणसाची हाक किती जणांपर्यंत पोचते आणि अंधारात नुसत्या चालीवरून तो किती जणांना ओळखू शकतो, यात फरक पडलेला नाही.

'लान्स' हा शब्द दुरून आला. मोडका भाला अशा अर्थाच्या जुन्या इटालियन शब्दापर्यंत त्याचं मूळ जातं; लढून लढून भाला मोडलेला, म्हणजे अनुभवी शिपाई. ब्रिटिश परंपरेत हा हुद्दा कमी आणि नेमणूक जास्त होती. कमांडिंग ऑफिसरनं दिली, नाही जमलं तर काढून घेतली. ती पारखण्याची छटा आजही या पहिल्या फितीला चिकटून आहे.

फीत कुणाला द्यायची, या प्रश्नानं एकेकाळी अख्खं सैन्य पोखरलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात बढती जवळजवळ निव्वळ ज्येष्ठतेनं होई. माणूस कसा आहे हे बघायचं नाही, किती वर्षं झाली ते मोजायचं. परिणाम असा झाला की पहिली फीत लागेपर्यंत उमेद संपलेली असे आणि सुभेदारी मिळेपर्यंत माणूस म्हातारा होई. सीताराम या अवधी शिपायाच्या नावावरचं 'शिपाई ते सुभेदार' हे आत्मकथन इंग्रजीत प्रसिद्ध आहे. ते कितपत त्याचं स्वतःचं, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण १८१२ साली भरती झालेला जवान सुभेदार होईपर्यंत पार थकून गेलेला असतो, हे त्यातलं चित्र त्या व्यवस्थेला चपखल बसतं. मुंबई सैन्यात वारं थोडं वेगळं होतं. तिथं गुणाकडे अधिक पाहिलं जाई आणि जातीच्या उतरंडीला कवायतीच्या मैदानावर तितकी मुभा नव्हती. मुंबई सैन्यातल्याच जॉन जेकब या अधिकाऱ्यानं १८५७च्या आधीच बंगालच्या ज्येष्ठतेच्या पद्धतीवर कडक टीका केली होती. बंगालमध्ये ज्येष्ठतेनं वर आलेल्या कनिष्ठ हुद्देदारांना आपले जवान काय बोलतात, काय ठरवतात हे कळत नव्हतं, किंवा कळत असूनही वर सांगावंसं वाटत नव्हतं. बंगाल सैन्य कोसळलं त्याची कारणं अनेक आहेत. मधली ही पोकळ झालेली फळी त्यातलं एक मोठं कारण होतं, असं मला वाटतं.

महाराष्ट्राच्या दृष्टीनं या इतिहासाचं दुसरं पान अधिक जिव्हारी लागणारं आहे. मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते आणि गुणावर बढती असल्यानं त्यांतले कित्येक हवालदार, जमादार, सुभेदार झाले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हुकमावर पलटणीत सवर्ण जवान पाय जुळवत होता. नेमकं हेच पुढे खुपलं. लढवय्या जातींचा सिद्धान्त जोरात आला, जातवार कंपन्या होऊ लागल्या आणि खालच्या मानलेल्या जातीच्या वरिष्ठाचा हुकूम इतर कसा घेणार, हा युक्तिवाद वजनदार ठरला. १८९२च्या सुमारास महारांची भरती थांबवली गेली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, तीही बेळगावात. बाहीवरच्या फितीसाठी आमच्या समाजातल्या माणसांनी अर्जविनंत्या केल्या, पन्नास वर्षं वाट पाहिली. त्या दोन बोटं कापडात पगारापलीकडचं काहीतरी होतं म्हणूनच ना.

आज ही फीत मिळते कशी? पलटणीत ठरावीक सेवा झाली की जवान बढतीच्या कॅडरला बसतो. तिथं हत्यारांची उस्तादी, नकाशावाचन, ड्रिल, सेक्शनची लढाई, हुकूम देण्याची पद्धत यांची तयारी आणि परीक्षा होते. लष्करी शिक्षणाचे दाखले लागतात. प्रकृती 'शेप वन', म्हणजे वैद्यकीय तपासणीत पहिल्या श्रेणीची, लागते. सेवापुस्तकात लाल शाईची नोंद, म्हणजे शिक्षा, असेल तर गाडी अडते. कोर्सवर चांगलं ग्रेडिंग आणलेला पुढे सरकतो. एवढं सगळं जुळलं तरी जागा रिकामी हवी, आणि ती आपल्या पलटणीच्या, आपल्या रेजिमेंटच्या हिशेबात. म्हणून बरोबर भरती झालेले दोघे, तितकेच तयार, पण वेगळ्या रेजिमेंटमधले, वेगवेगळ्या वेळी फीत घेताना दिसतात. हुद्द्याबरोबर सेवेची मुदतही वाढते. शिपाई म्हणूनच राहिलेला लवकर घरी येतो, नाईक त्याच्यापेक्षा अधिक वर्षं राहतो, हवालदार त्याहून अधिक. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांनी वेतनवाढीची सुधारित योजना आहे, तिनं पगार वरच्या स्तरात जातो, पण बाही कोरीच राहते. सुट्टीवर आलेल्या जवानांच्या बोलण्यात हा फरक बरोबर उमटतो. पगार वाढल्याचं ते जाता जाता सांगतात. फीत लागल्याचं सांगताना मात्र हात नकळत बाहीकडे जातो.

सेक्शनची सूत्रं नाईक किंवा हवालदाराकडे असतात आणि लान्स नायक बहुधा त्याचा उजवा हात, म्हणजे टूआयसी असतो. टूआयसीचं काम कथांत येत नाही, कारण ते दिसतच नाही. कुणाकडे किती राऊंड उरले, एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, जोडी कुठं आहे, पाण्याच्या बाटल्या भरल्या का, कुणाच्या टाचेला फोड आलाय आणि तो लपवतोय का, परतताना मोजणी बरोबर आहे का. सेक्शन कमांडर समोर बघतो, टूआयसी मागं बघतो. समोरचा पडला तर मात्र एका श्वासाच्या अवकाशात मागच्यानं पुढं यायचं असतं. कॅडरमध्ये हे बदलून बदलून घोटून घेतात, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

पण खरी परीक्षा लढाईच्या कितीतरी आधी येते. ती येते गार्डवर, रात्री.

समजा, सहा संतरी आणि एक गार्ड कमांडर, नुकताच लान्स नायक झालेला. दोन तास ड्युटी, चार तास आराम. रात्रीचे पावणेदोन. दोन ते चारची ड्युटी ज्याची आहे तो त्याचा जिवलग. दोघं एकाच दिवशी भरती झाले, बेळगावात रिक्रूट असताना शेजारच्या खाटांवर झोपले, एकाच्या घरून आलेल्या चटणीवर दुसऱ्यानं महिनाभर काढला. लान्स नायक त्याला हलवतो.

"ऊठ रे. दोनची ड्युटी."

"अंग कणकण करतंय रे. बघ ना कुणाला तरी."

खोलीत बाकीचे झोपलेले दिसतात, पण निम्मे जागे असतात. हे तो ओळखतो, कारण कालपर्यंत तोही असाच डोळे मिटून ऐकत असे. आता त्याच्यापुढे सोप्या वाटा दोन-तीन आहेत आणि सगळ्या वाईट. कोपऱ्यातल्या सगळ्यांत नव्या पोराला उठवलं तर तो चकार शब्द न काढता उभा राहील, आणि सकाळपर्यंत सगळ्यांना कळेल की इथं ओझं गरिबावर पडतं. स्वतःच बंदूक घेऊन उभा राहिला तर मैत्री टिकेल, पण गार्ड कमांडर संतरी झाला तर गार्डवर लक्ष ठेवायला कुणी उरत नाही. शिवाय पुढच्या वेळी आणखी तिघांचं अंग कणकण करेल. आवाज चढवून सगळ्यांना उठवलं, शिव्या घातल्या, तर हुकूम पाळला जाईल, पण उद्यापासून त्याच्या पाठीमागे नकला होतील, त्यानं उस्तादांच्या केल्या होत्या तशाच.

चांगला लान्स नायक आधी मित्राच्या कपाळावर हात ठेवतो. ताप असेल तर यादीत ज्याचा नंबर पुढे आहे त्याला उठवतो, दुबळ्याला हेरत नाही. सकाळी मित्राला मेडिकलला पाठवतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की याची एक ड्युटी बाकी आहे. कपाळ थंड असेल तर दोनच शब्द बोलतो, "बूट घाल." मग त्याच्याबरोबर पोस्टपर्यंत चालत जातो. वाटेत बोलणं होतं की नाही, हे त्या दोघांचं. पण त्या शंभर पावलांत मैत्रीचा एक प्रकार संपतो आणि दुसरा सुरू होतो. पहिल्यासाठी मनात हळहळ राहते, हे निवृत्त झालेल्यांच्या बोलण्यात वीस-वीस वर्षांनीही जाणवतं. ही हळहळ कुठल्याच कॅडरच्या अभ्यासक्रमात नाही.

कायद्यानं मात्र त्याच क्षणी दोघांची जागा बदललेली असते. १९५०च्या आर्मी ॲक्टमध्ये वरिष्ठ म्हणून जे गणले जातात त्यांत एनसीओही, म्हणजे लान्स नायक ते हवालदार असा फितीवालाही येतो, तात्पुरत्या हुद्द्याचा असला तरी. त्याच्यावर हात उगारणं चाळिसाव्या कलमाखाली गुन्हा आहे, त्याचा कायदेशीर हुकूम मोडणं एकेचाळिसाव्याखाली. पण त्याच कायद्यात सत्तेचाळिसावं कलमही आहे: हाताखालच्याला मारहाण करणारा, छळणारा एनसीओही तितकाच गुन्हेगार. नव्या लान्स नायकाला पहिली दोन कलमं पाठ असतात. तिसरं त्याच्या मनावर तितकंच ठसवायला हवं. कारण रगडा देणं, पोरांना लोळवणं, रात्री उठवून पळवणं ही ताकद वाटते खरी, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा भीती असते. आपलं कुणी ऐकणार नाही, ही भीती. ज्याला नकाशा नीट वाचता येतो, एलएमजी डोळे झाकून खोलता-जोडता येते आणि जो स्वतः सर्वांत आधी फॉलिनला हजर असतो, त्याला ओरडावं लागत नाही.

लढाईतली उदाहरणं आपल्या मातीतलीच घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एकटे घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. त्यांनी धावत जाऊन ग्रेनेडनं मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून आपलं हत्यार नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याच्याच दस्त्यानं मारलं. शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं आणि एकट्यानं जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हा प्रसंग आपण एकाकी शौर्य म्हणून सांगतो. मी तो वाचताना दरवेळी आधीच्या मिनिटापाशी अडखळतो. त्या सेक्शनमधली माणसं घाडग्यांनी मोजली होती, त्यांना खायला घातलं होतं, रात्री उठवलं होतं. ती सगळी एका माऱ्यात जमिनीवर पडली. सेक्शन कमांडरपाशी सेक्शनच उरला नाही, तेव्हा त्यानं उरलेलं काम एकट्यानं केलं.

त्यांच्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, तेव्हा साधे शिपाई होते, कंपनीचे निरोप्ये. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं नेलं. मग परत येऊन मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढं बोलावलं. बाही कोरी होती आणि कंपन्या त्यांच्या हाकेवर पुढं आल्या. पुढे ते हवालदार होऊन निवृत्त झाले. फीत नेतृत्व तयार करते की आधीच असलेल्या नेतृत्वावर शिक्का मारते, हा जुना वाद आहे. जाधवांकडे पाहिलं की दुसरी बाजू पटते. पण लष्कर जाधवांसारख्यांच्या भरवशावर चालवता येत नाही. त्याला लाखभर साध्या माणसांतून दर वर्षी हजारो सेक्शन कमांडर घडवायचे असतात.

म्हणून मला रामा राघोबा राणे यांची गोष्ट अधिक उपयोगाची वाटते, आणि तीही परमवीर चक्राच्या आधीची. कारवारजवळच्या चेंदियाचे राणे १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, उत्तम रिक्रूट ठरले, लवकरच नाईक झाले. ब्रह्मदेशात आराकानमधून २६वी डिव्हिजन मागं सरत असताना बुथिडाँगला दारूगोळा नष्ट करायला राणे आणि दोन सेक्शन मागं ठेवले गेले. काम झालं की नौदलाच्या बोटी त्यांना उचलणार होत्या. ते जमलं नाही. जपानी गस्त चुकवत त्यांनी स्वतःच नदी ओलांडली आणि माणसं घेऊन बावली बझारला डिव्हिजनला येऊन मिळाले. त्यानंतर त्यांना हवालदारकी मिळाली. पुढे एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देणारे सेकंड लेफ्टनंट राणे सगळ्यांना माहीत आहेत. मला त्यांच्यात तो नाईक दिसतो, ज्याची बोट आली नाही आणि ज्यानं माणसं परत आणली. कनिष्ठ नेतृत्वाचं हेच रोजचं रूप आहे: योजना फसते, वरून सांगणारं कुणी नसतं, माणसं आपल्या तोंडाकडे बघत असतात.

काश्मीरच्या त्याच युद्धात ६ फेब्रुवारी १९४८ रोजी तैनधारच्या दोन नंबरच्या चौकीवर राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथ सिंग होते. चौकीवर नऊ माणसं. पहिल्या हल्ल्यात चौघं जखमी झाले तरी त्यांनी उरलेल्यांची फेरमांडणी केली. दुसऱ्या हल्ल्यात सगळेच जखमी झाले, तेव्हा जखमी गनरच्या हातातली ब्रेनगन स्वतः घेतली. तिसरा हल्ला एकट्यानं अंगावर घेतला आणि त्यात ते पडले. मधला तो शब्द महत्त्वाचा आहे, फेरमांडणी. चौघं खाली पडलेले असताना उरलेल्यांना तू इथं, तू तिथं असं सांगता येणं, आवाज न कापता सांगता येणं, हे शिकवावं लागतं.

इतर देशांनी ते कसं शिकवलं? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फॉन स्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्यानं १७७९ साली जी नियमावली दिली, तिच्यात कॉर्पोरल आणि सार्जंटची कामं वेगळी लिहून काढली होती. आज तिथं पहिल्या नेतृत्वासाठी बावीस दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम आहे. ब्रिटिश पायदळ आपल्या सेक्शन कमांडरांना वेल्समधल्या ब्रेकनच्या पावसाळी टेकड्यांवर घासून काढतं. व्हर्सायच्या तहानं एक लाखापुरत्या मर्यादित केलेल्या जर्मन सैन्यानं प्रत्येकाला त्याच्या वरच्या हुद्द्याचं काम शिकवून ठेवलं, म्हणून पुढे ते झपाट्यानं वाढवता आलं. त्या सैन्यानं काय केलं हा भयंकर इतिहास वेगळा, पण पद्धतीचा धडा सगळ्यांनी घेतला. उलट सोव्हिएत परंपरेत व्यावसायिक एनसीओंची फळी कमकुवत राहिली, सार्जंटचं काम अधिकारीच करत राहिले, आणि २०२२ साली युक्रेनमध्ये रशियन सैन्याला त्याची किंमत मोजावी लागली. अमेरिकन मरीन जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी १९९९ साली एका लेखात मांडलेली कल्पनाही इथं आठवते. आजच्या संघर्षात एकाच शहरात एका गल्लीत मदतवाटप, दुसरीत जमाव, तिसरीत गोळीबार असतो आणि कॉर्पोरलनं चौकात घेतलेला निर्णय देशाच्या धोरणापर्यंत पोचतो. काश्मीरमध्ये नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्या लान्स नायकाला हे कुणी सांगायला नको. न थांबलेल्या गाडीवर गोळी चालवायची की नाही, हे ठरवायला त्याच्याकडे दोन सेकंद असतात.

आपल्याकडे पाया मजबूत आहे. महूला इन्फन्ट्री स्कूल आहे, तिचीच ज्युनिअर लीडर्स विंग बेळगावात; बरेलीला ज्युनिअर लीडर्स अकादमी आहे. ज्या महूत बाबासाहेबांचा जन्म झाला आणि सुभेदार रामजी शिकवत होते, तिथं आज देशभरचे एनसीओ शिकायला येतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रही बेळगावातच असल्यानं तिथल्या मैदानांवर कालचा रिक्रूट आणि उद्याचा सेक्शन कमांडर एकाच शहरात घाम गाळताना दिसतात. उणीव असेल तर ती मला हत्यारांच्या आणि रणनीतीच्या शिक्षणात दिसत नाही. गार्डवरच्या त्या रात्रीचं शिक्षण मात्र पूर्णपणे नशिबावर सोडलेलं आहे. चांगला सेक्शन कमांडर मिळाला तर लान्स नायक त्याच्याकडे बघून शिकतो, वाईट मिळाला तर त्याच्याकडूनही शिकतो.

आजवर हे चाललं, कारण वेळ होता. भरती झालेला पोरगा काही वर्षं साधा शिपाई म्हणून निरखत राही. कोणता नाईक जखमीला आधी बघतो, कोणता यादीत आपल्या गाववाल्याला सांभाळून घेतो, हे त्याच्या मनात साठत जाई. फीत लागेपर्यंत निम्मं शिक्षण न शिकवता झालेलं असे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनं हा वेळच कापला आहे. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. योजनेवर पेन्शन, रोजगार, खर्च या अंगांनी भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पहिल्या फितीच्या अंगानं फारशी झाली नाही.

माझी काळजी दुहेरी आहे. चार वर्षांत एक सेक्शन म्हणजे चार जणांतून एकाची निवड होणारी स्पर्धा होते. शेजारच्या खाटेवरचा मित्र हा प्रतिस्पर्धीही असतो. ज्याची कणकण आपण ऐकून घेतो, त्याच्याच गुणांवर आपली नोकरी टांगलेली असते. लढाईत माणसं देशासाठी लढतात तितकीच शेजाऱ्यासाठी लढतात, हे दुसऱ्या महायुद्धानंतर समाजशास्त्रज्ञ शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी १९४८ साली जर्मन सैन्याच्या अभ्यासातून मांडलं, आणि कुठल्याही पलटणीत ते कुणी न वाचताही माहीत असतं. तो धागा स्पर्धेत विरू द्यायचा नसेल तर मूल्यमापनात एकट्याच्या गुणांइतकंच सेक्शनच्या कामाला वजन हवं. दुसरी गोष्ट, कायम होणाऱ्या त्या एकाला लवकरच फीत मिळेल आणि त्याच्या हाताखाली पुन्हा चार वर्षांचे पाहुणेच असतील. त्यांना घडवायला त्याच्याकडे वेळ कमी, आणि त्याचं स्वतःचं निरखणंही कमी झालेलं.

तरी मी हे अशक्य मानत नाही. इस्रायलच्या सैन्यात सक्तीच्या सेवेतली एकोणीस-वीस वर्षांची मुलं सेक्शनच्या आकाराच्या तुकड्या सांभाळतात. तिथं निरखण्याची वर्षं मिळत नाहीत, म्हणून कमांडरांचा वेगळा, लांबट अभ्यासक्रम असतो. आपल्यालाही आता जे आपोआप होत होतं ते ठरवून करावं लागेल. अग्निवीराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच आळीपाळीनं गार्ड, अंगमेहनतीच्या कामाची फटीग पार्टी, छोटी गस्त चालवायला द्यावी. चुकला तर लाल शाई न लावता त्याच्याशी बसून बोलावं. निवृत्त हवालदार आणि सुभेदार यांच्याकडे अशा रात्रींच्या शेकडो गोष्टी आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत किंवा कोल्हापूरकडच्या सैनिक टाकळीत पारावर बसलं तर एका संध्याकाळी दहा ऐकायला मिळतील. त्या कॅडरमध्ये आणाव्यात. आणि जे तीन जण घरी येतील, त्यांच्यातही उद्याचे नाईक होते, हे गावानं विसरू नये. ग्रामपंचायतीत, कारखान्यात, पुरात होडी घेऊन जाताना त्यांना माणसं चालवायला द्यावीत.

पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला चालू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ सरता सरता पूर्ण होऊ लागतात. त्यांतल्या कुणाच्या तरी बाहीवर पुढे पहिली फीत शिवली जाईल. रात्री पावणेदोनला तो दोनच्या ड्युटीवाल्याला उठवायला जाईल, तेव्हा तिथं त्याचा जिवलग नसेल. त्या खाटेवर एक नवं पोरगं झोपलेलं असेल, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवायचा हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असायला हवं.